ओगले पूर्ववत झाले

निशिकांत ओगले यांचं मन बिघडलं ते सोमवारी, कार्यालयीन वेळेत आणि बँकेच्याच मीटिंग रूममध्ये. त्यामुळे हा बिघाड अधिकृत धरण्यात आला. हेच रविवारी घरी घडलं असतं, तर त्याला नुसती चिडचिड म्हटलं गेलं असतं आणि ती जेवणानंतर संपली असती.

ओगले मूळचे पुण्याचे. सिंगापूरच्या एका बँकेत जोखीम विभागाचे उपाध्यक्ष. त्या बँकेत उपाध्यक्षांचा एक अख्खा मजला होता, त्यामुळे पद मोठं असलं तरी खुर्ची साधीच होती. त्या सोमवारी पडद्यावर एक आलेख होता. साहेबांनी विचारलं, “निशी, तुझं मत?” ओगले बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “निळा रंग छान आहे.” मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते थांबेना.

रडण्याला बँकेची हरकत नव्हती. त्याविरुद्ध तसा नियमच नव्हता. पण रूमचं बुकिंग संपलं होतं, पुढची टीम लॅपटॉप छातीशी धरून काचेबाहेर उभी होती आणि ओगले काही खुर्ची सोडीनात. म्हणजे मामला आता भावनेचा उरला नव्हता, व्यवस्थेचा झाला होता. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी त्यांना हात धरून उठवलं आणि टॅक्सीत बसवलं.

डॉक्टरांनी निदान केलं, अतिताण. गोळ्या दिल्या, रजा दिली आणि सांगितलं, की नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, ऑक्युपेशनल थेरपी घ्यावी लागेल. बँकेने सहानुभूतीचं पत्र पाठवलं. त्यात म्हटलं होतं, की ओगले आम्हाला प्रिय आहेत आणि ‘पूर्ववत झाल्याचा’ दाखला आणतील त्या दिवशी त्यांचं स्वागतच आहे. मात्र रजा संपेपर्यंत तो न आल्यास त्यांच्या प्रियतेचा फेरविचार करण्यात येईल. नोकरीला एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे देशात राहण्याचा परवाना, चिकटलेला होता, पासला टॅम्पिनीसचा फ्लॅट आणि फ्लॅटला मुलीची शाळा. एक ओगले निसटले की सगळी माळ घरंगळत पुण्याला जाणार, हे त्यांच्या पत्नीच्या, उल्काच्या, तेव्हाच लक्षात आलं.

“ऑक्युपेशनल थेरपी कशाला?” ती पुनर्वसन केंद्रात म्हणाली. “ह्याला ऑक्युपेशन आहे की. त्यानेच तर हे झालं.”

केंद्र जुरोंग ईस्टला होतं. तिथल्या थेरपिस्ट सू लिन यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. ऑक्युपेशन म्हणजे फक्त नोकरी नव्हे, त्यांनी समजावलं. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं. अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, कपड्यांच्या घड्या. मन थकलं की आधी ही लहान कामं सुटतात. म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. हाताला काम आठवलं की मन हळूहळू त्याच्या मागून येतं.

उल्काला हे पटलं. फक्त ‘आठवलं’ हा शब्द तिला जरा खटकला.

केंद्रात सरावासाठी एक छोटं स्वयंपाकघर होतं. सू लिननी ओगल्यांच्या हातात एक अंडं दिलं आणि म्हणाल्या, “उकडा.” ओगल्यांनी अंडं दोन्ही बाजूंनी तपासलं, विश्वासाने पातेल्यात ठेवलं आणि गॅस पेटवला. पाणी घालायचं असतं ही माहिती त्यांना त्या दिवशी मिळाली. पुढे कपडे धुण्याचं यंत्र होतं. ओगले त्याच्या बटणांकडे आदराने पाहत उभे राहिले आणि शेवटी हळूच विचारलं, “पासवर्ड काय आहे?” शर्टाची घडी घालायला सांगितली तेव्हा त्यांनी शर्ट गुंडाळला आणि काखेत धरला.

सू लिन गंभीर झाल्या. नोकरीतली माणसं थकून इथे येतात, पण इतका ऱ्हास त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी उल्काला बाजूला घेतलं.

“ही लक्षणं केव्हापासून आहेत?”

“जन्मापासून,” उल्का म्हणाली.

“म्हणजे आजाराच्या आधीही त्यांना हे जमत नव्हतं?”

“आधी तर इतकंही नाही. आज गॅस पेटवला त्याने. मी पाहतच राहिले.”

“घराण्यात आणखी कुणाला?”

“सासऱ्यांना होतं. त्यांच्या वडिलांना होतं. चुलतसासऱ्यांना तर फार. त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागायचा.”

“स्त्रियांमध्ये?”

“एकीलाही नाही.”

सू लिननी केंद्राचे संचालक मिस्टर गोह यांना बोलावून आणलं. गोह हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ओगल्यांजवळ गेले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “इतकं गंभीर आनुवंशिक अपंगत्व,” ते म्हणाले, “आणि तरी उपाध्यक्षपदापर्यंत पोचलात! आमच्या इतर रुग्णांसमोर चार शब्द बोलाल का?”

उपचार सुरू झाले. पहिला आठवडा कांद्यात गेला. कांदा चिरताना ओगले रडायचे आणि इथे त्या रडण्याचं कुणालाच काही वाटायचं नाही, याचं त्यांना फार बरं वाटायचं. मग भात आला. तो आधी लापशी झाला, मग करपला, मग एका दुपारी झाकण काढल्यावर शीत न् शीत सुटं दिसलं. ओगले वाफेत तोंड घालून उभे राहिले. बँकेत त्यांनी कितीतरी जोखमी टाळल्या होत्या, पण टाळलेली जोखीम दिसत नाही, तिला वास येत नाही, ती कुणी परत वाढून घेत नाही. हा भात शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी दोनदा घेतला.

त्यानंतर ओगल्यांची गाडी सुसाट सुटली. ते पोळ्या लाटू लागले. आधी श्रीलंकेच्या, मग ऑस्ट्रेलियाच्या आणि शेवटी गोल. सकाळी पिशवी घेऊन मार्केटात जाऊन ते भेंडीचं टोक मोडून पाहू लागले. भाजीवाल्या आंटीशी त्यांची कोथिंबिरीवरून रीतसर भांडणं होऊ लागली आणि भांडून घरी आल्यावर ते शीळ घालत असत. झोप लागू लागली. इस्त्री हे तर त्यांना व्यसनच जडलं. मुलगी चैत्राली शाळेतून आली की तिचा गणवेश अंगावरून उतरायच्या आत ते इस्त्री गरम करून उभे.

“पापा, व्हाय यू सो हॅपी?” ती दप्तर छातीशी घट्ट धरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “स्केरी, लाह.”

पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ओगले भांडी घासत होते. आईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. “उल्का,” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, “तू म्हणालीस, त्याला बरं वाटतंय. मग हे काय?”

“आई, हाच उपचार आहे.”

“अगं, त्यापेक्षा तो रडत होता ते काय वाईट होतं? निदान बसून तरी रडत होता!”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उल्काने ही हकिगत तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितली. नवऱ्याला अंडं उकडता न येणं हा आजार आहे, त्याचं निदान होतं आणि त्यावर इलाज आहे, हे ऐकल्यावर तिळगूळ तसाच हातात राहिला. वुडलँड्सची सविता पहिली उठली. “उद्याची अपॉइंटमेंट मिळेल?”

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या नवऱ्याला, संजीवला, केंद्रात आणून उभं केलं. संजीव संगणक क्षेत्रातला मोठा अधिकारी. त्याच्या हाताखाली तीन देशांत माणसं होती. त्याला डाळ आणि तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत भरायला सांगितलं. त्याने डबे पाहिले, डाळ पाहिली आणि सविताला फोन लावला. सविता शेजारीच उभी होती. निदान पक्कं झालं.

त्यानंतर रांगच लागली. बँकवाले आले, हिशेबनीस आले, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झालेले आले, नागरिक झालेले आले; नागरिकत्व बदलल्याने आजारात काडीचाही फरक पडत नाही असं आढळलं. गोहसाहेबांनी भिंतीवर बेटाचा नकाशा लावला आणि डेंग्यूच्या साथीत लावतात तसे लाल ठिपके लावले. टॅम्पिनीस तर लालभडक झालं. “हे क्लस्टर आहे,” ते म्हणाले. जादा निधी मंजूर झाला. गुलाबी टीशर्ट घातलेले स्वयंसेवक घरोघर हिंडू लागले. डासांसाठी साचलेलं पाणी शोधतात तसे ते साचलेले नवरे शोधत. सोफ्यावर, पंख्याखाली, टीव्हीसमोर, जिथे म्हणून नवरा हलत नसेल तिथे वाकून टॉर्च मारत आणि सूचना देत: “आठवड्यातून एकदा तरी उलटा करून पुसून घ्या.”

इकडे ओगल्यांची रजा संपत आली आणि केंद्रात त्यांच्या दाखल्यासाठी बैठक भरली. सू लिन आनंदात होत्या. त्यांनी आलेख मांडला. रेघ जमिनीपासून निघाली होती आणि कागदाच्या वर गेली होती.

गोहसाहेबांनी चष्मा काढला. “ही रेघ सुरुवातीला कुठे होती?”

“शून्यावर, सर.”

“आणि आजारी पडण्याच्या आधी?”

“तेव्हाही शून्यावर. पत्नीने तसं सांगितलंय.”

“मग हा मनुष्य पूर्ववत कुठे झाला? हा तर भलताच झाला!”

“सर, त्यांना झोप लागते. ते हसतात. पुरणपोळी करतात. ते बरे झालेत.”

“बरे हा रकाना नाही, सू लिन. पूर्ववत आणि अपूर्ववत असे दोनच रकाने आहेत. जन्मात कधी भांडं न धुतलेला माणूस अचानक भांडी घासतो आणि वर शीळ घालतो, याला आपल्या पुस्तकात काय म्हणतात? वर्तनातला आकस्मिक बदल. मला तर ही प्रकृती जास्त बिघडलेली वाटते. सध्या दाखला देता येणार नाही.” मग त्यांचं मन जरा द्रवलं. “घरी येऊन पाहू. तिथे पूर्वीसारखे दिसले, तर विचार करता येईल.”

सू लिननी खाली मान घालून हे ओगल्यांना कळवलं. “तुम्हाला आधी जे येत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “ते पुन्हा येईनासं व्हायला हवं. याची थेरपी माझ्याकडे नाही.”

ती थेरपी उल्काला घ्यावी लागली. जन्मभर जिने ‘जरा हात लाव’ म्हणून घसा कोरडा केला, ती आता ओगल्यांच्या पाठीमागे फिरून ओरडत होती, “हात लावू नकोस!” जेवल्यावर ताट उचललं की ती ते परत टेबलावर ठेवायची. अंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर फेकण्याचा सराव सुरू झाला. ओगले फेकायचे, दोन पावलं जायचे, कासावीस व्हायचे आणि परत येऊन वाळत घालायचे.

“तुला पूर्वी सहज जमायचं रे!” उल्का रडकुंडीला आली.

“कसं करायचो मी?” ओगले हताश होऊन म्हणाले. “इतकं ओलं, पलंगावर, आणि मला दिसायचंच नाही?”

“नाही. तेच तर तुझं कौशल्य होतं.”

शेवटी संजीवला बोलावण्यात आलं. उपचारांचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता असा साऱ्या क्लस्टरमधला तो एकमेव रुग्ण होता. तो आला, सोफ्यावर बसला आणि प्रात्यक्षिक देऊ लागला. “हे बघ निशिकांत, मुळात बसताना परत उठायचंय असा विचारच मनात आणायचा नाही. आणि काही शोधायचं असेल तर कपाट उघडायचं, मधोमध पाहायचं आणि म्हणायचं, ‘नाहीये इथे.’ वस्तू समोर असली तरी. विशेषतः समोर असली तर.”

ओगल्यांनी नीट ऐकून घेतलं. संजीव गेल्यावर त्यांनी सोफ्यावरचा अभ्रा सरळ केला. उल्काने कपाळाला हात लावला.

गोहसाहेब आणि सू लिन शनिवारी सकाळी आले. ओगले पाय टीपॉयवर टाकून बसले होते. चेहऱ्यासमोर पेपर होता. पलंगावर टॉवेल होता. तो उल्काने ठेवला होता. चैत्रालीला गप्प राहण्याच्या बदल्यात बबल टीचं वचन देण्यात आलं होतं.

“पाणी!” ओगले कुणाकडेही न पाहता म्हणाले. उल्का धावली. गोहसाहेबांनी टिपून घेतलं.

“मिस्टर ओगले, तुमच्या मुलीची शाळा किती वाजता सुटते?”

“उल्का, हिची शाळा किती वाजता सुटते?” ओगल्यांनी विचारलं. गोहसाहेबांची मान समाधानाने हलली. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आतून तो बारीक आवाज आला. उल्काने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती विसरली होती. सोफ्यावरून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. साय कडेने सुटली. दूध पातेल्यात चढू लागलं. उल्का गोहसाहेबांच्या पलीकडे अडकली होती. मध्ये टीपॉय, टीपॉयवर ओगल्यांचे पाय. तिने ओगल्यांकडे पाहिलं. ओगल्यांनी पेपर आणखी वर धरला, पण कागदाच्या कडा थरथरत होत्या. पायाची बोटं आवळली गेली. हे दूध त्यांनी स्वतः मार्केटात रांग लावून आणलं होतं, आणि तेही म्हशीचं.

दूध काठाशी आलं. क्षणभर फुगून थांबलं. सू लिनही तिकडे पाहत होत्या. चैत्रालीने डोळे मिटले. आणि दूध फस्सकन उतू गेलं, शेगडीवर, ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर.

ओगल्यांनी पान उलटलं. कुठून बळ आणलं देव जाणे, पण आवाजात अजिबात कंप न येऊ देता ते म्हणाले, “उल्का, कसला तरी वास येतोय बघ.”

गोहसाहेब ताडकन उभे राहिले. “संपूर्ण पूर्ववत!” ते उद्गारले आणि तिथल्या तिथे त्यांनी दाखल्यावर सही केली. खाली शेराही मारला: आजार उलटू नये म्हणून रुग्णास स्वयंपाकघर, इस्त्री व झाडू यांपासून कायम दूर ठेवावे.

निघताना सू लिन दाराशी रेंगाळल्या. गोहसाहेब लिफ्टकडे गेल्याची खात्री करून त्या हलकेच म्हणाल्या, “तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरवर उघडते. पडदा लावून घ्या.” आणि डोळे पुसत, हसत निघून गेल्या.

लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला तसे ओगले फडकं घेऊन शेगडीवर तुटून पडले. उल्काने आधी पडदा ओढला, मग तीही खाली बसली. दोघं जमिनीवरचं दूध पुसता पुसता हसायला लागली. ओगल्यांना थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण या वेळी बाहेर कुणी लॅपटॉप घेऊन खोळंबलं नव्हतं.

“पापा, यू वेरी गुड अ‍ॅक्टर, सिया,” चैत्राली म्हणाली. “बट नेक्स्ट टाइम कॅन डोन्ट वेस्ट द मिल्क?”

ओगले बँकेत रुजू झाले. साहेबांनी पुन्हा एक आलेख दाखवून मत विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्याने “जोखीम आहे” असं उत्तर दिलं आणि सर्वांना हायसं वाटलं. घरी ते पडद्याआड पोळ्या करतात. दारावर थाप पडली की लाटणं उल्काच्या हातात देऊन सोफ्यावर झेप घेतात. शेजाऱ्यांना ते अतिशय आळशी गृहस्थ वाटतात आणि म्हणून त्यांना मान आहे.

भानगड झाली ती दाखल्याची. संजीवने त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. स्वयंपाकघरापासून कायम दूर ठेवावे, खाली सही, वर शिक्का! जे नवरे बायकांनी ओढून नेले म्हणून केंद्रात गेले होते, ते आता आपण होऊन रांगेत उभे राहिले. अर्ज सिंगापुरातूनच नव्हे, ठाण्याहून आले, नाशिकहून आले, न्यू जर्सीहून आले. इतकी माणसं तपासायला गोहसाहेबांकडे अंडी पुरेनात. तेव्हा त्यांनी परीक्षाच सोपी केली. आता कुठेही जावं लागत नाही. अर्जदाराने घरात ऐसपैस बसावं आणि एखादी गोष्ट वाचायला घ्यावी. वाचताना आतून कुकरची शिट्टी झाली आणि त्याने मान वर न करता पुढची ओळ वाचली, की तो पात्र.

आत्ता झाली बघा एक. आणि आपण ही ओळ वाचलीत.